थोरल्या व धाकट्या विमानाच्या मसलतीची हकीकत

विमानकंपनीच्या दफ्तरी कागद पुष्कळ, परंतु खरे काय घडले ते एकाही कागदी नाही, सबब ज्यांनी ती मसलत डोळां पाहिली त्यांजकडे बारीक तपास करून, पदरचे काही न घालिता आणि भिडेखातर काही न गाळिता, ही हकीकत येथे मांडिली आहे. वाचणारांनी सावध चित्ते वाचावी. कारण की लांबच्या मुलखास विमान धाडणे म्हणजे उठले आणि उडाले ऐसा प्रकार नव्हे. कोणते विमान कोणत्या वाटेस धाडावे, हे ठरविता ठरविता भले भले सरदार खुर्चीत बसल्या जागी हैराण होतात, आणि चहाच्या किटल्यांमागून किटल्या कामी येतात, आणि मग जो निर्णय होतो तो भलत्याच कारणे होतो.

त्या समयी कंपनीची गादी थोरल्या साहेबांकडे होती. साहेब मोठे प्रतापी, आवाज खणखणीत, सही लांबलचक, गुडघे मात्र नादुरुस्त. त्यांचे अमलात लांब पल्ल्याची वाट एकच, समुद्रापलीकडील बड्या शहराची, चौदा तासांची, आणि त्या वाटेवर थोरले विमान तैनात होते. थोरले म्हणजे चार इंजिनांचे, दुमजली, पोटात जिना आणि चारशे ऐंशी खुर्च्या, ऐसा सारा थाट. परंतु आत माणसे बसत ती दोनशे तीस, फार तर दोनशे चाळीस, आणि चारही इंजिने रिकाम्या खुर्च्यांचे नावेही पोटभर तेल पीत. मग वरून ठराव आला की, ऐसेच चालिले तर मोसम सरताच ही वाट कायमची बंद करावी.

या खबरेने एक असामी खरी घाबरी झाली. तिसऱ्या मजल्यावर, झेरॉक्सच्या यंत्रामागे, जेथे उन्हाळा-हिवाळा एकच उकाडा असे, तेथे मार्गनियोजन खात्याच्या बाई बसत. कोणती वाट किती लांब, वारा कोणीकडचा, माणसे किती, तेल किती, याचे तक्ते मांडून कोणते विमान धाडावे हे सांगणे हा त्यांचा हुद्दा, म्हणोन अवघे दफ्तर त्यांस तक्तेवाल्या बाई म्हणे. सांगणे त्यांनी आणि न ऐकणे इतरांनी, ही त्या दरबारची जुनी वहिवाट होती.

बाईंची थोरली बहीण त्या समुद्रापलीकडील शहरी नांदत होती आणि तीस पाचवा महिना लागला होता. बाळंतपणास मातुःश्रींनी जावे हे कधीचेच ठरलेले. मातुःश्रींचे वय अडुसष्ट, वजन पन्नास, जिद्द मोजदादीपलीकडची. परंतु मध्ये विमान बदलावे लागले की त्यांचे धाबे दणाणे, कारण मागे एकदा त्या वाटेतील परक्या विमानतळावर भलत्याच दारापुढे तीन तास बसून राहिल्या होत्या. सबब थेट विमान हवे. आणि कंपनीचा कायदा ऐसा की, चाकरांच्या आईबापांस तिकीट फुकट, परंतु विमानात जागा उरली तर चढावे, न उरली तर मुकाट घरी यावे. थोरल्या विमानात जागा उरे म्हणजे किती उरे! पण वाटच बंद झाली तर थोरले काय आणि धाकटे काय.

मग मातुःश्रींनी स्वयंपाकघरातूनच फर्मान सोडिले. "हे बघ, तू काय करायचं ते कर, पण ते सरळ जाणारं विमान बंद होता कामा नये. ताईला मी शब्द दिलाय." आणि बाईंनी ते फर्मान शिरसावंद्य केले.

मग बाईंनी दीड महिना तक्ते मांडिले. त्यात निष्पन्न झाले ते येणेप्रमाणे की, वाट वाईट नाही, विमान चुकीचे आहे. कंपनीचे पदरी धाकटे विमान होते, दोन इंजिनांचे, एकमजली, दोनशे चाळीस खुर्च्यांचे. ते या वाटेस लाविले तर खुर्च्या भरतील, तेल निम्म्यावर येईल आणि वाट तगेल. हे एका ओळीत सांगण्याजोगे होते, परंतु एका ओळीस त्या दरबारी कोणी विचारीत नसे, म्हणोन बाईंनी एक्काहत्तर पानांचा खलिता सिद्ध केला, त्यास निळे कव्हर घातले आणि स्वारी मसलतीस निघाली.

बाईंसमोर ठाकलेला गनीम सामान्य नव्हता. जाहिरातखात्याचे मुख्य म्हणोन एक गृहस्थ होते, अंगाने देखणे, जिभेने त्याहून देखणे, त्यांस दफ्तरात फलकबहाद्दर म्हणत. त्यांनी थोरल्या विमानाचे फलक आधीच शहरभर लाविले होते, आणि त्यात एक हसरे कुटुंब विमानातील जिन्यावर बसलेले दाखविले होते. त्या जिन्यावर बसण्यास सक्त मनाई होती, ही गोष्ट निराळी. धाकट्या विमानास जिना नाही, सबब धाकटे विमान नको, एवढीच त्यांची मसलत, आणि ती त्यांनी बारा रंगीत चित्रांत मांडून आणिली होती.

मुकाबल्याचा दिवस उजाडला. सभागृहात लांब मेज, मेजावर बिस्किटांची ताटली आणि दोन्ही विमानांच्या प्रतिकृती. थोरल्याची प्रतिकृती हातभर लांब, चकचकीत, काचेच्या चौथऱ्यावर. धाकट्याची टीचभर, आणि तिचा डावा पंख चिकटपट्टीने डकविलेला. थोरले साहेब आले, गुडघे दाबीत बसले आणि थोरल्या प्रतिकृतीवरून हात फिरवू लागले.

मग फलकबहाद्दरांनी आघाडी उघडिली आणि अर्धा तास तोफखाना चालविला. शान काय, दबदबा काय, जिना काय. बाईंची पाळी आली तेव्हा पडद्यावर चित्र पाडणारे यंत्र बंद पडले. मग बाईंनी तोंडीच सांगावयास आरंभ केला, आणि नवव्या पानावर साहेबांनी जांभई दिल्ही, चौदाव्यावर घड्याळ पाहिले, आणि एकोणिसाव्या पानावर फलकबहाद्दर हळूच म्हणाले, "बाई, सगळं वाचणार का?" आणि सारी सभा हसली. बाईंचे कान लाल झाले. मोर्चा फुटला, फौज उधळली, वाट गेली आणि तीबरोबर ताईस दिलेला शब्दही गेला, ऐसे त्यांस वाटले.

त्याच क्षणी त्यांस मातुःश्री आठवल्या. गेल्या खेपेस तिकडे पोचताच मातुःश्रींनी फोनवर पहिली तक्रार केली होती ती हीच की, विमान लांब कोठेतरी टोकास उभे करितात आणि चालवून चालवून जीव घेतात. मग बाईंनी खलिता मिटिला आणि कव्हराच्या मागील खिशातून परमुलखातील विमानतळाचा नकाशा काढून साहेबांपुढे पसरिला. थोरल्या विमानाचे पंख इतके रुंद की तेथील अवघ्या दारांपैकी एकाच दाराशी ते मावते, ते एकसष्ट नंबरचे, शेवटच्या टोकाचे. आणि साहेब दर दोन महिन्यांनी त्या शहरी बैठकीस जात, हे तो सर्वांस ठाऊक.

साहेब पुढे वाकले. "म्हणजे तिथे मी जो एवढा चालतो, तो या विमानामुळे?"

"हो साहेब. बावीस मिनिटं."

"आणि हे छोटं कुठे लागतं?"

"सहा नंबरला. बाहेर पडलं की समोरच लिफ्ट."

साहेबांनी थोरल्या प्रतिकृतीवरचा हात काढिला आणि तो आपल्या गुडघ्यावर ठेविला. मालखात्याचे मुख्य, जे आतापावेतो कोणत्याच बाजूस नसून बिस्किटांच्या बाजूस होते, ते तत्काळ म्हणाले की आपणही प्रथमपासून धाकट्याच्याच मताचे. मग हुकूम सुटला की धाकटे विमान तैनात करावे. इतिवृत्तात मात्र ऐसे लिहिले गेले की, सरकारांनी सर्व बाबींचा साकल्याने विचार करून निर्णय केला. एक्काहत्तर पानांपैकी कोणी एकही पुढे वाचिले नाही, आणि गुडघ्यांचा उल्लेख कोठेही नाही.

फलकबहाद्दर हटणारे नव्हते. जाता जाता त्यांनी बाण सोडिला की, हिवाळ्यात समोरून वारा सुटतो, तेव्हा धाकट्याचे तेल पुरणार नाही, ते मध्येच कोठे उतरवावे लागेल, मग थेट वाट कसली? हे खरेच होते. परंतु बाईंनी त्याचीही तजवीज केली होती. वाऱ्याचे दिवशी बारा खुर्च्या रिकाम्या न्याव्या, तितके ओझे कमी, तितके तेल पुरते. फलकबहाद्दर म्हणाले, ठीक, परंतु अधिकाऱ्यांच्या मर्जीने त्या देता याव्या ऐसे एक वाक्य घाला. बाई जाणून होत्या की एकाची मर्जी झाली की बाराही खुर्च्या व्याही, मेहुणे आणि मित्रमंडळींनी भरणार. मग त्यांनी लाल शाईने ते वाक्य खोडिले आणि वर लिहिले, 'कोणासही नाही.' साहेबांनी त्याखाली आपली लांबलचक सही केली.

धाकटे विमान उडू लागले आणि बाईंचा तक्ता अक्षरशः खरा ठरला. खुर्च्या भरल्या. वाट बंद करण्याचा ठराव मागे घेतला गेला. दफ्तरात बाईंचे नाव निघू लागले आणि उकाड्यातील टेबलापाशी पंखा आला. मातुःश्रींनी विणलेली टोपडी, अंगडी, कानटोप्या पेटीत भरिल्या आणि विमानतळी गेल्या. पहिले दिवशी विमान भरलेले. दुसरे दिवशी विमान भरलेले. जागा उरली तर चढावे हा कायदा, आणि जागा उरू नये हीच तर मोहीम! दीड महिना माणसे, तेल, वारा, सारे मोजिले, आणि आपल्याच आईचे तिकीट मोजावयाचे राहिले, हे बाईंस तेव्हा कळले. रिकाम्या खुर्च्या त्यांनी इतक्या निगुतीने मोडून काढिल्या की आईस बसावयास एकही शिल्लक ठेविली नाही.

तिसरे दिवशी बाई स्वतः मातुःश्रींसमवेत विमानाच्या दारापर्यंत गेल्या. त्या दिवशी समोरचा वारा सुटला होता. दोनशे अठ्ठावीस उतारू चढले, आणि दारावरील मुलगी हळूच म्हणाली की आत बारा रिकाम्या आहेत, पण देता येत नाहीत.

मातुःश्री म्हणाल्या, "बारा? अगं, मला एकच हवीय."

तेथेच फलकबहाद्दर कोणा पाहुण्यास पोचवावयास आले होते. त्यांनी सारा प्रकार पाहिला आणि मोठ्या प्रेमाने खिशातील पेन पुढे केले. "बाई, एक ओळ लिहा, आईंना आत्ता चढवू. पन्नास किलोनं काय होतंय? उद्या मीपण एखादी ओळ लिहीन."

बाईंनी पेनाकडे पाहिले आणि आईकडे पाहिले. पन्नास किलोने काहीही होणार नव्हते, हे त्या दफ्तरात त्यांच्याइतके कोणीच जाणत नव्हते. परंतु आज आई आणि उद्या बारा व्याही, परवा विमान वाटेत कोठे तेलासाठी उतरणार आणि तेरवा थेट वाट बंद. त्यांनी पेन घेतले नाही. दार लागले, विमान हलले, आणि बारा खुर्च्या रिकाम्याच समुद्रापलीकडे गेल्या.

परतताना टॅक्सीत मातुःश्रींनी पेटी पायांशी ओढून घेतली. मग म्हणाल्या, "माझ्यापुढच्या माणसाच्या हातातली पिशवीच माझ्यापेक्षा जड होती."

"नियम माझाच आहे, आई."

"ते कळलं," म्हणोन त्या खिडकीबाहेर पाहू लागल्या.

दुसरे दिवशी मातुःश्रींनी मुलीस न विचारिता थोरल्या जावयास फोन केला आणि प्रतिपक्षाच्या कंपनीचे तिकीट काढविले. मध्ये विमान बदलावयाचे होते. दाराचा नंबर त्यांनी तळहातावर लिहून घेतला, पेटी उचलिली आणि एकट्या निघाल्या. बाईंनी पाठोपाठ जाऊन टॅक्सीचे दार धरिले, तेव्हा मातुःश्री एवढेच म्हणाल्या की हात काढ, चिमटेल.

धाकट्या विमानाच्या फत्तेचा दरबार दोन दिवसांनी भरला. साहेबांनी आपल्या दूरदृष्टीचे वर्णन स्वतःच केले. शिरपावाची काचेची ढाल फलकबहाद्दरांस मिळाली, कारण की त्यांनी 'दार उघडताच लिफ्ट' ऐसा नवा फलक शहरभर लाविला होता. बाईंस पुष्पगुच्छ मिळाला, आणि तो हाती असतानाच त्यांच्या फोनवर मातुःश्रींचा मजकूर आला. तो जसाच्या तसा ऐसा:

"पोचले. दार चुकलं नाही. मुलगी झाली, काल सकाळी, मी यायच्या आधीच. ताई बरी आहे. विमान मोठं होतं, निम्मं रिकामं. मधल्या चारही खुर्च्यांवर आडवी होऊन छान झोपले. तू केलंस ते बरोबर, असं जावई म्हणतात. मी अजून म्हटलेलं नाही."

बाईंनी तो मजकूर दोनदा वाचिला. मग दरबार उठल्यावर त्या आपल्या टेबलापाशी गेल्या आणि दफ्तरी स्वहस्ते नोंद केली की, लांब पल्ल्याच्या वाटेवर धाकटे विमान कायम झाले, थोरले माघारी गेले, वाट राखिली, समोरील वाऱ्याचे दिवशी बारा खुर्च्या कोणासही नाहीत, मोहीम फत्ते. खाली तारीख घातली, शिक्का उठविला, डोळे पुसले, आणि ताईस काय सांगावे हे काही न सुचता तिला फोन लावावयास त्या व्हरांड्यात गेल्या.