साठ बाय अठ्ठेचाळीस

गालिच्याचा रंग ठरवायला अडीच महिने लागले आणि माप घ्यायला चार मिनिटं. पुढे जे झालं ते त्या चार मिनिटांमुळे झालं, असं घरात सगळ्यांचं मत पडलं. अडीच महिन्यांना कुणी बोल लावला नाही.

नव्या घरात दिवाणखान्याची फरशी उघडीबोडकी दिसते, अशी सुनेची पहिल्या दिवसापासून तक्रार होती. तिने ऑर्डरप्रमाणे हाताने विणून देणारी एक कंपनी शोधून काढली. कंपनीने नमुन्यांचे तुकडे पाठवले, एकूण त्रेचाळीस. तळहाताएवढे ते तुकडे फरशीवर मांडून सून, मुलगा आणि सुनेची आई रोज संध्याकाळी भोवती उकिडवे बसायचे.

"हा बघ, ओल्या वाळूचा रंग," सून म्हणायची.

"आणि हा?"

"ती सुकी वाळू."

"मला दोन्ही मळकेच दिसतात," मुलगा म्हणायचा.

"जावईबापू, मळका दिसतो तोच भारीतला असतो," विहीणबाई समजावायच्या. त्यांच्या स्वतःच्या घरी प्लास्टिकची चटई होती, पण मत गालिच्याचं होतं.

मुलाचे वडील हे सगळं खुर्चीत बसून बघत. ते चाळीस वर्षं टेलरमास्तर होते, म्हणून सगळे त्यांना मास्तरच म्हणत. गेल्या वर्षी बायको गेली. मग त्यांनी दुकान विकलं, मशीन विकलं आणि मुलाकडे राहायला आले. बरोबर आणला तो फक्त मापाचा टेप. पूर्वी तो गळ्यात असे, आता खिशात असायचा.

नव्या घरात मास्तरांना सगळं मिळे, काम तेवढं मिळत नसे. भाजी दारात येई, बिलं फोनवरून जात. पाणी प्यायला उठले तरी कुणीतरी म्हणे, "बाबा, तुम्ही बसा." म्हणणाऱ्याच्या मनात काही वाईट नसे. पण दिवसातून वीसदा 'बसा' ऐकलं की आपण माणसांतून उठून सामानात जमा झालो, असं वाटायला लागतं.

म्हणून सून एके दिवशी म्हणाली, "आता माप पाठवायचंय," तेव्हा तिचं वाक्य संपायच्या आत टेप खिशातून बाहेर आला होता.

"अहो बाबा, राहू द्या, कुणाला तरी बोलावू."

"कुणाला बोलावतेस? घरात टेलर असताना?"

सोफ्यापासून टीव्हीच्या कपाटापर्यंत आणि या खुर्चीपासून त्या खुर्चीपर्यंत सगळी जागा झाकायची, असं ठरलं होतं. मास्तर गुडघ्यावर बसले. खिशातल्या खडूने त्यांनी जागेच्या बरोबर मधोमध खूण केली, जशी गिऱ्हाइकाच्या मानेखाली करत. तिथून आधी लांबीच्या बाजूला टेप लावला, मग रुंदीच्या.

"लिही," त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं. "साठ. अठ्ठेचाळीस."

"इंच ना?"

"मग काय मैल?"

सुनेने फोनवर आकडे टाकले. तिचं अर्धं लक्ष आईकडे होतं, कारण विहीणबाईंना ऐन वेळी सुक्या वाळूचा उमाळा आला होता. 'विणल्यावर परत घेतला जाणार नाही, पुन्हा तपासा,' असं कंपनीने तीनदा बजावलं. घरच्यांनी तिन्ही वेळा रंग तपासला.

पाच आठवड्यांनी, एका शनिवारी सकाळी, गालिचा निघाल्याचा निरोप आला. दुसऱ्या दिवशी मुलाचे साहेब सपत्नीक चहाला यायचे होते, आणि गालिच्याबद्दल मुलगा ऑफिसात दोन महिने बोलत होता. घरात धावपळ उडाली. सोफा बेडरूममध्ये गेला, खुर्च्या गॅलरीत गेल्या. एवढं मोठं भेंडोळं लिफ्टमध्ये मावणार नाही म्हणून मुलाने वरच्या मजल्यावरच्या दोघा तरुणांना मदतीला बोलावून ठेवलं. ते बाह्या सरसावून जिन्यात उभे राहिले.

बेल वाजली. दारात कुरिअरवाला एकटाच. काखेत एक गुंडाळी.

"सही करा."

"हे काय?"

"पार्सल."

"बाकीचा कुठाय?" मुलाने त्याच्या पाठीमागे डोकावून पाहिलं.

"बाकीचा काय? एकच आहे. सही करा साहेब, खाली गाडी उभीये."

गुंडाळी उलगडली. पाच फूट बाय चार फूट. रिकाम्या दिवाणखान्याच्या मधोमध तो गालिचा पाकिटावर चिकटवलेल्या तिकिटासारखा दिसत होता. बाह्या सरसावलेले दोघे जरा वेळ थांबले आणि, "मग आम्ही निघू का?" म्हणून निघून गेले.

"रंग मात्र अगदी नमुन्यासारखा आलाय," विहीणबाई म्हणाल्या.

मुलाने कंपनीला फोन लावला. आधी आवाज चढवून बोलला, मग नुसतं ऐकत राहिला, मग थँक्यू म्हणून फोन ठेवला.

"साठ बाय अठ्ठेचाळीस आपणच लिहिलंय. बाबा, तुम्ही साठ म्हणालात?"

"म्हणालो."

"अहो, इथून तिथपर्यंत एकशेवीस आहे!"

"आहेच. मी मधून घेतलं. साठ म्हणजे निम्मं."

"निम्मं माप कोण सांगतं, बाबा?"

मास्तरांनी गालिच्याची कड दुमडून दाखवली. "टेलर सांगतो. कापड दुमडून कापतात, त्यामुळे डोक्यात कायम निम्माच आकडा. मी निम्मं सांगायचो आणि तुझी आई वहीत दुप्पट करून लिहायची. चाळीस वर्षं. सांगावं लागायचं नाही तिला."

मुलगा मऊ आवाजात म्हणाला, "असू दे. बाबा, तुम्ही बसा."

खुर्च्या गॅलरीत होत्या, त्यामुळे मास्तर उभेच राहिले.

रविवारी सकाळी मुलगा आणि सून सोफा जागेवर आणायला उठले, तर मास्तर आधीच फरशीवर गुडघे टेकून बसलेले. गालिच्याच्या चारही बाजूंनी खडूच्या रेघा ओढलेल्या होत्या.

"अंगाला कपडा बेतायचं काम जन्मभर केलं," ते म्हणाले. "आज कपड्याला अंग बेतू. सोफा तिकडे भिंतीला लावू नका. इथे आणा, या रेघेपर्यंत. खुर्च्या इथे, इथे आणि इथे. बसायचं बाहेर, पाय तेवढे गालिच्यावर."

"बाबा, सहा माणसांचे बारा पाय होतात."

"मोजलेत. मावतात."

दुसरा काही उपाय सुचत नव्हता, म्हणून त्यांनी ऐकलं. सगळं सामान मधोमध गोळा झालं. बाकी खोली ओस पडली. पूर आलाय आणि घरातली माणसं उंचवट्यावर येऊन बसलीत, असा एकूण देखावा झाला.

साहेब आले, बाईसाहेब आल्या. बसायला बोलावल्यावर दोघं क्षणभर थबकली आणि मग आत शिरली. सहा जण गुडघ्याला गुडघा लावून बसले. साहेब बैठकीतसुद्धा फोनमधून मान वर काढत नसत, ही ऑफिसातली जुनी तक्रार. त्यांनी सवयीने खिशाकडे हात नेला, पण एका बाजूला बाईसाहेबांचं कोपर होतं आणि दुसऱ्या बाजूला विहीणबाई. हात परत आला. आता करायचं काय? ते समोर बघायला लागले. समोर मास्तर होते.

"मी कप उचलतोय हं," मुलगा शेजाऱ्यांना सूचना देऊन चहा पीत होता.

"हे असं मुद्दाम केलंय का?" साहेबांनी विचारलं.

सून म्हणाली, "हो सर. कन्सेप्ट आहे."

"हल्ली सगळीकडे असंच असतं," विहीणबाईंनी ताबडतोब जोड दिली. "मोठे गालिचे आता कोण घालतं?"

"या शर्टाचा डावा खांदा उतरलाय तुमचा," मास्तर साहेबांना म्हणाले. मुलाने डोळे मिटून घेतले. साहेबांनी मात्र खांदा चाचपला आणि म्हणाले, "बघा! दोन वर्षं मला वाटतंय, आणि ही म्हणते काही नाही."

"मी कधी एवढ्या जवळून बघितलंय तुम्हाला?" बाईसाहेब म्हणाल्या.

एवढं झाल्यावर गप्पा थांबेनात. अर्ध्या तासासाठी आलेली माणसं तीन तास बसली. निघताना बाईसाहेब गालिच्याकडे वळून बघत म्हणाल्या, "आमच्याकडे भिंतीपासून भिंतीपर्यंत आहे. घरात दोघंच, पण हाक मारावी लागते. हे माप काढलं कुणी?"

मुलाने सुनेकडे पाहिलं. सुनेने मास्तरांकडे पाहिलं.

"आमच्या बाबांनी," ती म्हणाली. "ते टेलरमास्तर आहेत."

पुढच्या रविवारी मास्तर, बाईसाहेबांच्या बोलावण्यावरून, साहेबांच्या दिवाणखान्यात उभे होते, टेप गळ्यात. वही आणि पेन घेऊन सून बरोबर आली होती, फोन तिने पर्समध्ये ठेवला होता. मास्तर गुडघ्यावर बसले, मधोमध खूण केली, तिथून टेप धरला.

"लिही. चोपन्न."

सुनेचं पेन वहीवर टेकलं आणि तिथेच थांबलं. "बाबा, दुप्पट करू?"

मास्तरांनी मान वर केली. चाळीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता, विचारावा लागला नव्हता. त्यांनी खडूचाच हात नाकाडोळ्यांवरून फिरवला. नाकावर पांढरा पट्टा उमटला.

"नको," ते म्हणाले. "या लोकांना निम्मंच हवंय. पण दर वेळी विचारत जा."

"हो, बाबा. आता उठा, पलीकडची बाजू राहिलीय."

मास्तर उठले.