योग्य प्रसंगी टक्कर

वस्तू वापरली की झिजते आणि जपून ठेवली की मोलाची होते, हे सर्व थोर संस्थांना मान्य असते.

अशाच एका प्रयोगशाळेत अमोनियाचे रेणू जपले जात. (उघड्यावर हाच अमोनिया नाक धरायला लावतो, पण जपल्यावर कशालाही मान येतो.) रेणूंना बर्फाहून कितीतरी थंड करून एका पोलादी कड्यात फिरत ठेवत. त्यांच्यावर विद्युतभार नसल्याने ते सहजासहजी ऐकत नाहीत; विजेच्या क्षेत्राने चुचकारत वळवावे लागतात.

कडे मुळात बांधले होते ते रेणूंचे दोन थवे एकमेकांवर आदळवून काय होते ते पाहायला. ज्या बाईंनी ते बांधले, त्यांनी उमेदीची वर्षे त्यात घातली होती. निवृत्तीपूर्वी एक टक्कर पाहावी, एवढीच त्यांची इच्छा होती.

परंतु टकरीत रेणू खर्च होतात, हे साठवण समितीच्या ध्यानात आले. (न आदळलेले रेणूही थोड्या वेळात नाहीसे होतात, पण ते आपणहून जातात, त्यात समितीचा दोष नसतो.) सबब टक्कर योग्य प्रसंगी, म्हणजे बडे पाहुणे आले असता, करण्याचे ठरले. पाहुणे येत. त्यांच्यादेखत काही बिघडून शोभा नको, म्हणून टक्कर होत नसे. फसलेल्या टकरींचे प्रमाण शून्य टक्के राहिले.

बाईंचा शेवटचा दिवस उजाडला. समिती निरोपाच्या खुर्च्या मांडण्यात गुंतलेली. यंत्रे सांभाळणारे भाऊ हळूच म्हणाले, "बाई, दुसरा थवा तयार आहे. कुणी नाहीये, दाबा बटण."

बाईंनी पडद्याकडे पाहिले. पहिला थवा इतका सुरेख कधीच फिरला नव्हता. बोट बटणावर गेले आणि तिथेच थांबले.

"किती छान फिरतायत हो," बाई म्हणाल्या. "आज नको. उगाच वाया जातील."

"मग कधी?"

"बघू. कुणी मोठं माणूस आलं की."

निरोपाला बाईंना सोनेरी काठाच्या कपबश्या मिळाल्या. घरी सुनेने विचारले, "आई, यातच चहा ओतू?"

"वेडी का तू? पाहुण्यांना होतील." बाईंनी तो संच कपाटाच्या वरच्या फळीवर, आधीच्या तीन संचांशेजारी ठेवला.

वाचकांनी बाईंना हसण्यास हरकत नाही. फक्त आज सकाळी चहा कान तुटलेल्या कोणत्या कपातून घेतला, ते आठवून मग हसावे.