सड्यावरून आणिलेल्या सहा आकड्यांची मोहीम

श्रीगजानन साह्य. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, चैत्रमासी, मौजे मरोळ येथील घाडी घराण्यात जी धामधूम जाहली, तिची हकीकत येथे मांडिली आहे. ऐकणारांनी चहा पुढे घेऊन चित्त द्यावे.

ते समयी शहरात टोलेजंग इमारती माजल्या आणि लिफ्टा बेसुमार जाहल्या, आणि त्या बंद पडत त्याहून बेसुमार, परंतु दुरुस्त करणारे कारागीर थोडे. सबब सरकारांनी फर्मान काढिले की, ज्या हुन्नरास बाजारी मागणी फार, तो जो शिकेल त्याचा खर्च सरकारातून होईल. जागा चाळीस, आधी येईल त्यास आधी, मुदत अखेर दिवशी सायंकाळी पाच. हे फर्मान अकराव्या मजल्यावरील श्रुतिकाबाई घाडी यांचे नजरेस पडले. यांचे इमारतीची लिफ्ट गणपतीपासून बंद, आणि मातोश्री वसुधाबाईंचे गुडघे त्याही आधीपासून. मातोश्री दर मजल्यास टेकत चढत. ते पाहून बाईंनी विडा उचलिला की, शिकेन तर लिफ्टच शिकेन.

अखेर दिवशी मायलेकी अर्ज भरावयास नाक्यावरील हर्षद यांचे सायबर कॅफेत दाखल जाहल्या. नाव, गाव, दाखले, सर्व चौक्या सर जाहल्या आणि उरला एक बुरूज, तो ओटीपीचा. तो यावयाचा आधारास जोडिलेल्या मोबाईलवर, आणि अवघ्या घाडी घराण्याचे आधारास मोबाईल एकच, तीर्थरूप राजारामराव यांचा. आणि राजारामराव तर काजू गोळा करावयास कोकणात! घरी रेंजचे नाव नाही, म्हणोन ठरल्याप्रमाणे चार वाजल्यापासून सड्यावर, म्हणजे गावावरील उघड्या कातळमाळावर, छत्री उघडून, उन्हात ठाण मांडून उभे.

पाचास वीस मिनिटे असता ओटीपी सुटला आणि सड्यावर पोहोचला. बाईंनी स्पीकर लावून आकडे मागितले. परंतु राजारामराव म्हणजे बावीस वर्षे एटीएमचे दारी पहारा केलेले इमानी गडी. त्यांनी हुकूम फर्माविला, "ओटीपी बापाशीक पण सांगूचो नाय!"

"अहो बाबा, मी श्रुतिका!"

"तां कशावरना? आजकाल आवाजाची पण नक्कल करतत."

बाईंनी विनवण्या केल्या, जन्मतारीख सांगितली, रडल्याही, व्यर्थ. इतक्यात पहिला ओटीपी मुदत संपून धारातीर्थी पडला. दुसरा मागविला. हर्षद घाबरे होऊन वदले, "ताई, आता वाट लागेल हां, आठच मिनिटं आहेत!" तेव्हा राजारामरावांनी तहाचे कलम घातले की, घरचे असे गुपित सांगावे जे परक्यास ठाऊक नाही.

गुपित बाईंपाशी होते, बाळपणापासून पोटात ठेविलेले. परंतु मातोश्री शेजारी आणि स्पीकर चालू. मोठे धर्मसंकट पडिले. मग मातोश्रींचा हात गुडघा चोळताना दिसला आणि बाईंनी डोळे मिटून तोफ डागिली, "दर संकष्टीला देवळात जातो सांगून तुम्ही मला स्टेशनबाहेर न्यायचात आणि डबल ऑम्लेटपाव खायचात! आणि घरी येऊन, चंद्र कधी उगवतोय, म्हणून कण्हायचात!"

 

मग वसुधाबाईंनी मोबाईल जवळ ओढिला आणि हळूच म्हणाल्या, "आकडे सांगा आधी. तुमचा काय तां मागसून बघतंय."

या दोघी आपल्याच, याविषयी राजारामरावांस तिळमात्र संशय उरला नाही. सहाही आकडे बिनशर्त स्वाधीन जाहले आणि पाचास दोन मिनिटे असता पडद्यावर उमटले की, श्रुतिका राजाराम घाडी, जागा एकोणचाळिसावी. हर्षद यांनी "झकास!" ऐसा जयघोष केला.

राजारामरावांनी कळविले की, काजूचा हंगाम यंदा लांबेल ऐसे दिसते, बहुधा लिफ्ट सुरू होईतो लांबेल. वसुधाबाई त्या सायंकाळी अकरा मजले चढल्या, दर मजल्यास टेकून एकेका संकष्टीचा उद्धार केला, आणि वर पोहोचून, दम खाऊन, लेकीचे हातावर साखर ठेविली. म्हणाल्या, "बेगीन शीक गो बाय." येणेप्रमाणे फत्ते जाहली, ती अकराव्या मजल्यावर, धापा टाकीत, नोंदिली असे.