गजभिये आणि त्यांची वही

खराडीच्या आमच्या ऑफिसात कोणाचं डोकं कपाटाच्या दारावर नुसतं आपटलं, तरी गजभिये त्याला डिसेंबरपासून उलटे महिने म्हणायला लावत. आमचे व्हाइस प्रेसिडेंट सप्टेंबरवरून थेट जूनवर गेले, तेव्हा त्यांना अर्धा तास खुर्चीत बसवून ठेवलं. त्यांना काही झालं नव्हतं. ते नेहमीच तसे होते.

गजभिये कंपनीच्या फुटबॉल टीमच्या दुखापती बघणारे ट्रेनर, आणि मी कोच. मुलं मला 'सर' म्हणत आणि ऐकत गजभियांचं. मी दोन वर्षं मैदानावर घसा फोडला. हा माणूस भंडाऱ्याहून आला, चार घोटे बांधले, आणि महिन्याभरात वाढदिवसाच्या केकचा पहिला तुकडा त्याच्या तोंडात! मी टाळ्या वाजवायचो. आतून जळायचो.

सीझनच्या सुरुवातीला ते प्रत्येकाची परीक्षा घेत. पाच शब्द सांगून थोड्या वेळाने परत विचारायचे, डोळे मिटून एका पायावर उभं करायचे, चुका वहीत लिहायच्या.

"अहो, आपण फुटबॉल खेळतो. सर्कस नाही," मी म्हणालो.

"माणूस चांगला असताना कसा आहे, ते माहीत पाहिजे ना जी. मग बिघडला तर समजते."

फायनलला एक-एक अशी बरोबरी होती. पंधरा मिनिटं उरली असताना हेडरला उडालेल्या संदीपचं डोकं समोरच्याच्या डोक्यावर आदळलं. तो लगेच उठला, हसलासुद्धा. "आय ॲम फाइन, सर!" गजभियांनी त्याला बाहेर बसवलं.

"आपला गोल कोणी केला?"

संदीपने जरा विचार केला. "आपला गोल झालाय?"

गोल त्यानेच केला होता. एका पायावर उभं केलं, तर चार वेळा पाय टेकला. वहीत आधीची चूक एकच होती.

"पाच मिनिटं बसू दे, मग पाठवू," मी म्हणालो.

"आज नाही."

"कोच मी आहे, गजभिये!"

"हो ना जी. पण डोकं त्याचं आहे."

मी मुलांकडे पाहिलं. सगळी त्यांच्याकडे पाहत होती. आम्ही हरलो.

डॉक्टरांनी मेंदूला धक्का बसल्याचं सांगितलं. दोन दिवस विश्रांती, आणि एकटं ठेवायचं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी संदीपच्या खोलीवर गेलो. चौकशीला म्हणून, खरं तर गजभियांविरुद्ध त्याच्या तोंडून काही ऐकायला मिळेल म्हणून. खोलीला कुलूप. शेजारच्याने सांगितलं, रूममेट गावी गेलेत, ट्रेनर सर त्याला मांजरी गावात आपल्या घरी घेऊन गेले.

मांजरीला एकच खोली. कॉटवर संदीप झोपलेला, खिडकीला चादर लावलेली. गजभिये जमिनीवर बसून मेथी निवडत होते. शेजारी एक नवं कोरं स्टीलचं ताट, त्यावरचं लेबलही निघालेलं नव्हतं.

"आजच आणलं," ते हळू आवाजात म्हणाले. "घरात एकच होतं. इथे आल्यापासून सहा वर्षांत दुसऱ्याची गरजच नाही पडली ना जी."

मी चपला काढून दाराशीच टेकलो.

"आलेच आहात तर जेवून जा." त्यांनी लेबल नखाने खरवडून काढलं आणि नवं ताट माझ्यासमोर ठेवलं. जुन्यात संदीपचं वाढून झाकून ठेवलं. मग परातीत स्वतःची भाकरी घेऊन ते माझ्यासमोर मांडी घालून बसले. "अजून घ्या, अजून घ्या," असं मला दर दोन घासांनी म्हणत राहिले.