चार लिंबं आणि अण्णांची गाडी

अण्णांच्या घरची बेल वाजवायची असेल तर आधी त्यांच्या न्हाणीघरातला दिवा लावावा लागतो. दिवा लावायला आत जावं लागतं, आणि एकदा आत गेल्यावर बेल वाजवण्यात काही अर्थ उरत नाही. हे अण्णांना सांगितलं तर ते म्हणतात, "पण दोन्ही चालतात ना? सरी, मग झालं तर!"

अण्णा म्हणजे माझ्या बाबांचे चुलतभाऊ. राजाजीनगरात आमच्या शेजारीच राहतात. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांनी घरातली प्रत्येक वायर एकदा तरी उघडून पाहिली आहे. त्यांचं शास्त्र एकाच वाक्याचं. "करंटला वाट दिली की तो जातो. इतकंच." त्यांच्या बायकोला आम्ही सगळे अक्का म्हणतो. मिक्सरमधून धूर आला त्या दिवशी अक्का म्हणाली होती, "मला पण एकदा वाट द्या, मी पण जाते."

मला अण्णांची लाज वाटते. कॉलेज संपत आलं तरी ते मला भर रस्त्यात "ए पुट्टी!" म्हणून हाक मारतात. कानडीत पुट्टी म्हणजे चिमुरडी. समोरच्या गच्चीवर माझ्या वर्गातली शालिनी असते, आणि ती हाक सोमवारी माझ्याआधी वर्गात पोचते. मुळात रस्त्यात कोणी माझ्याकडे नुसतं पाहिलं तरी माझे कान तापतात.

मागच्या खंडेनवमीला मात्र सगळ्या गल्लीने पाहिलं.

इथे कानडी मुलखात त्या दिवसाला आयुधपूजा म्हणतात. प्रत्येक दारात वाहनं धुऊन हार घालून उभी असतात. चाकांखाली लिंबं ठेवायची आणि गाडी त्यांच्यावरून न्यायची. अण्णांच्या जुन्या पांढऱ्या गाडीचे दिवे लागत नव्हते. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या बसवराजला बोलवा, असं अक्का आठवडाभर सांगत होती. अण्णांनी आदल्या संध्याकाळी स्वतःच वायरी बदलल्या आणि बॅटरी काढून रात्रभर व्हरांड्यात चार्जिंगला ठेवली.

पहाटे अक्काने पक्कड, टेस्टर, स्क्रू ड्रायव्हर सगळं पूजेत मांडलं. बॅटरीही मांडली. "गाडीचा जीव हाच ना ग?" मला म्हणाली आणि डोळे मिटून, हळूहळू, मनापासून गंध-कुंकू लावलं. पूजेतली हत्यारं दुसऱ्या दिवसापर्यंत उचलायची नाहीत, हा तिचा नियम. बॅटरीपुरती सूट मिळवून अण्णांनी ती घाईघाईने गाडीत बसवली आणि नुसत्या बोटांनी वायरी आवळल्या.

गाडीला केळीचे खुंट बांधले. चार चाकांपुढे चार लिंबं ठेवली. शेजारी जमले. अण्णांनी चावी फिरवली.

कट्.

पुन्हा फिरवली. कट्. हॉर्न सर्दी झाल्यासारखा वाजला.

"सार, मी स्वल्प बघू?" बसवराज हसत पुढे आला.

"काही नको! वायरिंग माझं आहे. माझी चूक निघाली तर या गाडीच्या वायरीला पुन्हा हात लावणार नाही. गल्ली साक्षी!"

गल्लीने आनंदाने साक्ष दिली. कोणीतरी म्हणालं, ढकला.

"ढकलून लिंबं चिरडली तर वर्षभर ढकलावी लागेल," अक्का म्हणाली.

"मग टेस्टर तरी दे."

"देवापुढे ठेवलेलं परत मागतात का?"

अण्णांनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांची नजर माझ्या डोक्यावर थांबली. "ए पुट्टी! तुझी ती केसांची पिन दे."

वर गच्चीत शालिनी खुदकन हसली. मी पिन काढून दिली. केस सुटून चेहऱ्यावर आले, ते बरंच झालं. गाडीचं बॉनेट उघडून अण्णा वाकले होते आणि मी मान खाली घालून त्यांच्या शेजारी उभी होते.

माझ्या मागे अक्का ताट घेऊन थांबली होती. तिने अगदी हळू विचारलं, "पुट्टी, माझ्या पूजेत काही राहिलं का ग? वर्षाच्या सणाला असं अडणं बरं नाही."

ते ऐकून अण्णांचा हात थांबला. त्यांनी बॅटरीच्या टोकावरून वायर नुकतीच सैल केली होती. त्या टोकावर आणि वायरीच्या कडीच्या आत गंध-कुंकवाचा जाड थर वाळून बसला होता. मी पाहिला. अण्णांनीही पाहिला. त्यांनी माझ्या पिनेने तो खरवडला, नेसलेल्या पंच्याच्या टोकाने पुसला आणि पंच्याचं ते टोक कमरेत आत खोचलं. मग वायर आवळून ताठ उभे राहिले.

"माझंच चुकलं!" ते एवढ्या मोठ्याने ओरडले की शालिनीचं हसू थांबलं. "वायर मीच उलटसुलट जोडली होती. करंटची वाट मीच अडवली!"

गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. चारही लिंबं फुटली. बसवराजने शिट्टी मारली. "सार, आता वायरी माझ्या!"

"तुझ्या," अण्णा म्हणाले.

"बघा, पूजेत काही कमी नव्हतं," अक्का सगळ्यांना सांगत सुटली. "मी म्हणत होते, बसवराजला बोलवा!"

अण्णांनी पिन माझ्या मुठीत दिली. ती लाल झाली होती. "तुमच्या घरी जाऊन धू," ते पुटपुटले. "इथल्या नळावर नको."

तेव्हापासून अण्णांनी गाडीच्या वायरीला खरंच हात लावलेला नाही. बसवराज काम करतो, तेव्हा ते हात पाठीमागे बांधून बघत उभे राहतात. मधेच त्यांची बोटं वळवळतात. बसवराज त्यांना चिडवतो, "सार, वाट दिली का करंटला?"

यंदाच्या खंडेनवमीला बॅटरी पुन्हा पूजेत होती. अक्का गंध-कुंकवाचं ताट आणायला आत गेली तेवढ्यात अण्णांनी खिशातून दुधाची धुतलेली पिशवी काढली आणि भर अंगणातून हाक मारली, "ए पुट्टी! इकडे ये, हे धर!"

शालिनी गच्चीवरच होती. माझे कान तापले. मी गेले आणि अण्णा दोरा गुंडाळीपर्यंत बॅटरीच्या दोन्ही टोकांवर पिशवी घट्ट धरून उभी राहिले.