वार पाळणूक अधिकारी

बेळगावच्या आसपासच्या गावांत वर्षातले काही मंगळवार शिवारात कोणी पाऊल टाकत नाही. देवीचे वार पाळतात. बैल गोठ्यात, माणसं पारावर आणि जो औत धरील त्याला गावाचा दंड. अशाच एका गावचे परशराम आमच्या गल्लीत राहतात. कारखान्यात हेडक्लार्क, आणि पाचच्या ठोक्याला घरी जाण्याबद्दल बदनाम.

एकदा व्यवस्थापनाला कामगारांच्या कुटुंबांचा अचानक कळवळा आला. मंगळवारची संध्याकाळ प्रत्येकाने सक्तीने घरी व सुखात घालवावी, असा ठराव झाला. अंमलबजावणीसाठी पद निघालं: वार पाळणूक अधिकारी. अनुभवी उमेदवार एकच.

"घरी विचारून सांगतो," परशराम म्हणाले.

"मग तुम्ही घरला कवा येणार?" बायको नीलमनं भाकरी थापत विचारलं.

"अगं, कामच घरला जायचं हाय!"

"व्हय, पण कुणाच्या?"

आई बायाक्का मात्र म्हणाल्या, "दारावर नावाची पाटी लावत्यात न्हवं? घे रं लेका." झालं! पाटीपुढं कुणाचं काय चालतं? बढती घेतली.

आता पाचला सगळे सुटले की परशराम दारोदार फिरू लागले. माणूस घरी आहे का, असल्यास सुखात आहे का, याची खात्री करायची. शहापुरात वडिलांच्या हातमागावर विणायला बसलेल्या कारखान्यातल्या साईराजला त्यांनी समज दिली, "हे सुख न्हवं, जादा काम हाय." लोक हुशार. साहेब दारात असेपर्यंत बायकोशी गप्पा मारायचे, ते वळले की ऑफिसचा लॅपटॉप उघडायचे. अहवाल उत्कृष्ट आला, म्हणून मंगळवारला शुक्रवार जोडला. मग उरलेले वारही.

शेवटी नियमानुसार स्वतःचंही घर तपासणं आलं. मुलगी ऋतिकानं दार उघडलं.

"परशराम आहेत का घरी?"

"न्हाईत. अजून कामावरनं आले न्हाईत."

पोर चेष्टा करत नव्हती. परशरामांनी स्वतःला दंड ठोकला आणि सकाळी बढती परत करायला गेले.

"स्वतःलाही सोडलं नाहीत!" मॅनेजर गहिवरले. त्यांनी निपाणीच्या कारखान्याचे वारही त्यांच्याकडेच दिले. पगार पुन्हा वाढला.

"आता तरी न्हाय म्हणा की वो," नीलम म्हणाली. परशराम म्हणाले, विचार करतो. हे ते निपाणीच्या बसमधून फोनवर म्हणाले.

नीलमवहिनींसाठी सगळी गल्ली हळहळली. हळहळून झाल्यावर प्रत्येकानं मला बाजूला घेऊन विचारलं, "पण पगार किती वाढला?"

तो आकडा मी इथं मुद्दाम दिलेला नाही. तुम्ही मात्र मघापासून तोच शोधताय.