सहा इंच उंच

कारखानीस साहेबांना वापी स्टेशनवरून सुखरूप सिल्वासात आणलं, दोन दिवस खानवेलच्या बाजूला फिरवलं आणि परत गाडीत बसवून दिलं, तर आपल्याला काय काय मिळेल, याची बेरीज रमाकांत आजगावकरांनी सकाळी देवापुढे बसूनच केली होती. दीवची बदली रद्द. लेक केतकीची दहावी इथल्याच शाळेत. टोकरखाड्याचं क्वार्टर, क्वार्टरमागचा पेरू आणि त्या पेरूवर वटवाघळांच्या आधी हात मारायचा हक्क कायम. उलट बाजूला खर्च एकच, आपल्या जीपमधलं डिझेल. चोवीस वर्षांच्या नोकरीत इतका किफायतशीर सौदा त्यांच्या वाट्याला आला नव्हता.

बदली व्हायची होती ती साहेबांच्याच कार्यालयात, साहेबांच्या खोलीबाहेरच्या टेबलावर. म्हणजे रद्द करणंही साहेबांच्याच हातात. ऑफिसची गाडी तीन आठवडे इंजिन उघडून पडली होती, आणि रमाकांतांची जीप लिलावात घेतल्यापासून मुख्यतः रविवारी धुण्याच्या उपयोगाची होती. सगळं कसं जुळून आलं होतं. बेरजेत एकच आकडा धरायचा राहिला. तो शेजारच्या टेबलावर बसत असे.

"जीप न्या, पण उंचीचं काय?" अरविंद म्हणाला. अरविंदकडे सायकल होती, त्यामुळे मोटारींबद्दलची त्याची मतं ठाम असत. "खानवेलच्या पुढे नदीतून जायचंय, आजगावकर. दगड खालून लागला, गाडी अडली आणि साहेबांना पँट वर करून उतरावं लागलं, तर दीवच्याही पलीकडे काही असेल तिथे धाडतील तुम्हाला."

"दीवच्या पलीकडे समुद्र आहे."

"तेच म्हणतोय. सहा इंच उचलून घ्या. माझ्याकडे सागाचे ठोकळे पडलेत, ते देतो. फुकट."

फुकट हा शब्द रमाकांतांना पुरला.

दादऱ्याच्या रस्त्यावर सुकदेवचं गॅरेज होतं. सुकदेव धुळ्याकडचा. त्याने ठोकळे हातात फिरवले, एकदा जीपकडे आणि एकदा रमाकांतांकडे पाहिलं.

"उचलून देतो ना भाऊ, त्याच्यात काय. स्प्रिंगच्या कमानीत दोन-दोन पाटे जास्तीचे टाकतो, अन बॉडीच्या खाले हे ठोकळे. पन मग ती काय म्हनंल ते मले माहीत नै."

"कोण?"

"गाडी."

गाडी दुसऱ्याच दिवशी बोलली. पत्नी शोभाबाईंना देवळात नेताना उजवं चाक खड्ड्यात गेलं आणि जीप आपण होऊन डावीकडे वळली, ती थेट नारळवाल्यासमोर जाऊन थांबली.

"अहो, सरळ चालवा की."

"मी सरळच धरलंय."

"मग हा नारळवाला समोर कसा आला?"

खाली उतरायला शोभाबाईंना सत्यनारायणाचा चौरंग लागला. जीप उंच झाल्यापासून तो मागच्या सीटवरच मुक्कामाला होता. रमाकांतांची स्वतःची उंची पाच फूट दोन इंच, तेव्हा तक्रारीला जागा नव्हती.

सुकदेव गाडीखाली शिरला आणि तिथूनच बोलू लागला. "हा स्टेरिंगचा दांडा पहिले आडवा व्हता. आता उतरता झाला. चाक दबलं का तो ओढतो. मी कमानीखाले पाचरी मारतो अन दांडा थोडा खाले घेतो. पन भाऊ, तिसाच्या वर जाऊ नका. थरथरंल."

पाचरी मारल्या आणि जीप बऱ्यापैकी सरळ चालू लागली, तशी तापू लागली. सुकदेवने बॉनेट उघडलं आणि मान हलवली, डॉक्टर नातेवाइकांसमोर हलवतात तशी. "आता पाहा. रेडिएटर बॉडीसंगे वर गेला अन इंजिन तठेच राह्यलं. पंखा तर इंजिनाले लागेल आहे. तो हवा मारतो रेडिएटरच्या पायाले, अन ताप चढतो डोक्यात. वरून हा पाईप ताणायेल आहे. गळंल."

"साहेब परवा येतायत, सुकदेव!"

"मग परवापुरतं ट्यूब गुंडाळून बांधतो. अन हे हिरवं औषधाचं पाणी संगे ठेवा. चार कोसावर थांबायचं, पाजायचं, पुढं जायचं."

हिरवं पाणी दोन बाटल्यांत भरलं. सिल्वासात रिकाम्या बाटल्यांची टंचाई कधीच नव्हती. त्या आधी कशाच्या होत्या, हे इथे कोणी विचारत नाही. दादरा ओलांडलं की मात्र विचारतात, कारण तिथून गुजरात लागतं, आणि गुजरातेत दारूबंदी.

हद्दीच्या नाक्यावरच्या हवालदाराने साहेबांना आणायला निघालेली जीप लांबूनच हेरली. त्यालाही त्याच्या धंद्याचं गणित होतं. चोरून माल नेणारे मागच्या कमानीत जादा पाटे घालतात, म्हणजे खोकी भरली तरी गाडी बसत नाही. आणि ही जीप तर रिकामीच शेपूट वर करून येत होती.

"काका, साइडमां ल्यो. खाली गाडी ने आटली ऊंची केम?"

"साहेबांसाठी केलीय हो, उंच."

"साहेब केटला ऊंचा छे?"

एवढं विचारून त्याने सीटखालच्या बाटल्या बाहेर काढल्या. "रेडिएटरचं पाणी आहे," रमाकांत कळवळून म्हणाले. हवालदाराने तीस वर्षांत या वाक्याचे पुष्कळ प्रकार ऐकले होते. त्याने बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

पुढची पाच मिनिटं तो चुळा भरत होता.

"जाओ," शेवटी तो म्हणाला. "पण मने याद रहेशे, काका."

कारखानीस साहेब फलाटावर अर्धा तास उभे होते. बाहेर जीपशेजारी मांडलेला चौरंग पाहून त्यांना वाटलं, सत्कार आहे. ते त्यावर चढून हारासाठी थांबले, तेव्हा रमाकांतांना त्यांना जीपकडे तोंड करायला सांगावं लागलं. सिल्वासा येईपर्यंत जीप दोनदा तापली आणि एकदा एका बैलगाडीच्या मागे आपल्याच मनाने वळली. त्याच दुपारी खानवेलच्या वाटेवर साहेबांचं डोकं छताच्या दांडीवर चार वेळा आपटलं. ज्या नदीसाठी हा सगळा खटाटोप झाला होता, तिथे पाणी घोट्याएवढं होतं आणि गावकऱ्यांनी दगड केव्हाच बाजूला सारून बैलगाडीची वाट केली होती.

"आजगावकर," साहेब डोकं चोळत म्हणाले, "मी उद्या कचेरीत फायली बघतो. तेवढ्यात ही गाडी खाली आणा. माणसांच्या उंचीवर."

हुकूम मिळताच सुकदेवने पाटे काढले, ठोकळे काढले, दांडा जागच्या जागी बसवला, पाईप नवा घातला, हिरव्या बाटल्या पुन्हा भरल्या. जीप पूर्वीसारखी झाली. पाण्याचा थेंब गळेना. रमाकांतांनी देवापुढची बेरीज पुन्हा केली आणि ती पुन्हा जमली.

परतीच्या दिवशी साहेब दोन बाटल्या घेऊन आले. या भरलेल्या होत्या, आणि पाण्याच्या नव्हत्या. सुरतेला व्याह्यांकडे उतरायचं होतं आणि व्याह्यांनी तोंड उघडून मागितलं होतं. लेबलं साहेबांनी रात्रभर भिजवून सोलली होती, बुचांची सीलं स्वतः फोडली होती.

"तुमच्या त्या हिरव्यांच्या शेजारी ठेवा. नाक्यावर तुम्हाला ओळखतातच."

"ओळखतात साहेब. म्हणूनच..."

"बदलीचं माझ्या लक्षात आहे, आजगावकर."

रमाकांतांनी बाटल्या ठेवल्या.

नाक्यावर तोच हवालदार होता. तो जीपभोवती एक प्रदक्षिणा घालून मागे वाकला आणि प्रसन्न हसला. "परमदिवसे ऊंची हती. आजे बेसी गई! शुं भर्युं छे, काका?"

"काही नाही हो. साहेबांनीच उतरवायला सांगितली."

साहेब रस्त्याकडेच्या आंब्याचा मोहर बघू लागले.

सीटखालून चार बाटल्या निघाल्या. "बे लीली," हवालदाराने हिरव्या मोजल्या. "ने आ बे पीळी केम?"

"जुनं पाणी आहे," रमाकांत म्हणाले. "गंजाचा रंग उतरतो त्यात."

हवालदाराने बूच काढून सावकाश वास घेतला. बोट मात्र या वेळी बुडवलं नाही. "गंजनो वास तो बहु सारो छे." पंचनाम्याचा कागद करायचा तर दोन पंच शोधायला हवेत, आणि जेवणाचा डबा नुकताच उघडलेला. त्याने क्षणभर विचार केला. "रेडिएटरनुं पाणी छे ने? तो नाखो रेडिएटरमां."

"पण रेडिएटर भरलेला आहे." हे अगदी खरं होतं. सुकदेवने काम चोख केलं होतं.

"तो खाली करो."

रमाकांतांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मोहरावरची नजर न काढता, फाईल पास करण्याच्या आवाजात सांगितलं, "पाणी आहे ना? मग घाला."

इंजिन निवेपर्यंत हवालदाराचा डबा झाला. मग रमाकांतांनी खालची तोटी सोडली, हिरवी धार रस्त्यावरून वाहत गुजरातेत गेली. दोन्ही पिवळ्या बाटल्या जीपने विनातक्रार घेतल्या. दुसऱ्या बाटलीला साहेबांनी पाठ फिरवली.

वापीपर्यंतच्या वाटेत जीप खूश होती, पण थोड्याच वेळात ऊन झाली, आणि बॉनेटमधून जी वाफ निघाली ती साहेबांच्या अंगाखांद्यावर बसली. स्टेशन दिसू लागलं तेव्हा साहेबांनी एकच प्रश्न विचारला.

"ही गाडी उंच करायची अक्कल मुळात कोणाची?"

रमाकांतांनी खरं ते सांगितलं. नाव, हुद्दा आणि टेबल.

साहेब सुरतेला व्याह्यांच्या दारात पोचले ते रिकाम्या हातांनी, पण वासासकट. भेट वाटेत कोणी संपवली याबद्दल व्याह्यांचं मत त्या क्षणीच ठरलं.

आठव्या दिवशी ऑर्डर आली. दोन बाटल्या कुठे गेल्या हे माहीत असलेला माणूस रोज आपल्या खोलीबाहेर बसलेला कोणाला आवडेल? आजगावकरांची बदली रद्द झाली होती. पण दीवचं टेबल तर भरायला हवं.

"माझंच नाव कसं निघालं हो?" अरविंद कागद उलटसुलट करत राहिला. "साहेब मला ओळखतही नाहीत."

"आता ओळखतात," रमाकांत म्हणाले.

तेव्हा डिझेल रमाकांतांच्या माथी पडलं, बुटाच्या टाचांनी खरवडलेला चौरंग शोभाबाईंच्या, आणि दोन बाटल्या साहेबांच्या. बाकी सगळं अरविंदने भरलं. त्याला वापीला पोचवायला रमाकांतच जीप घेऊन गेले. गाडी सुटता सुटता त्यांनी खिडकीतून एक जड पुडकं आत दिलं.

"हे काय?"

"तुमचे ठोकळे. दीवला दमट हवा असते, पलंगाखाली घाला. सहा इंच पुरतील."